समांतर पट्ट्यांमधला इलेक्ट्रॉन: या चुका टाळा

बारावी आणि प्रवेश परीक्षांमध्ये हे गणित हमखास येतं. २००० व्होल्टने त्वरित झालेला (म्हणजे त्या विभवांतराने वेग मिळालेला) इलेक्ट्रॉन दोन आडव्या पट्ट्यांच्या मधोमध शिरतो. पट्ट्या ५ सेंमी लांब, त्यांच्यातलं अंतर २ सेंमी, विभवांतर २०० व्होल्ट. पट्ट्या संपतात तिथून पडदा २० सेंमीवर. ठिपका किती सरकेल?

सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक म्हणजे पॅराबोला थेट पडद्यापर्यंत ओढणं. पट्ट्यांमध्ये आडवा वेग तसाच राहतो आणि उभ्या दिशेने स्थिर त्वरण मिळतं, म्हणून तिथे मार्ग अन्वस्त (पॅराबोला) असतो. पट्ट्या संपल्या की बल संपलं, पुढचा मार्ग सरळ रेषा. म्हणून हिशोब दोन तुकड्यांत करा.

आतलं विचलन = पट्ट्यांचं विभवांतर × लांबीचा वर्ग ÷ (४ × पट्ट्यांमधलं अंतर × त्वरक विभवांतर). किमती घातल्या की ३.१ मिमी येतात. बाहेर पडताना मार्गाचा चढ ०.१२५, म्हणजे २० सेंमीत आणखी २५ मिमी. एकूण २८.१ मिमी. लांबीच्या जागी सरसकट २५ सेंमी घातले तर ७८ मिमी येतात, जवळपास तिप्पट!

पडताळा सोपा आहे. बाहेरची सरळ रेषा मागे वाढवली की ती पट्ट्यांच्या बरोबर मध्यातून आल्यासारखी दिसते. मध्यापासून पडदा २२.५ सेंमी, त्याला ०.१२५ ने गुणा, पुन्हा २८.१ मिमी. आणि आतलं विचलन १ सेंमीपेक्षा जास्त आलं तर तिथेच थांबा: इलेक्ट्रॉन पट्टीवर आदळला, पडद्यापर्यंत पोहोचलाच नाही.

वरच्या सूत्रात वस्तुमान नाही, प्रभारही नाही, हे नीट पाहा. तेवढ्याच विभवांतराने त्वरित झालेला प्रोटॉन तेवढाच वळतो, फक्त उलट बाजूला. पण प्रश्नात ‘समान वेगाने’ असेल तर प्रोटॉन १८३६ पट कमी वळतो. ‘समान’ काय आहे, तो शब्द अधोरेखित करूनच पेन चालवा.

चिन्हांचा घोळही ठरलेला. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण धरायचा आणि वर दिशाही हाताने उलटवायची, की उत्तर पुन्हा क्षेत्राच्याच दिशेला जातं. आकडेमोड फक्त मूल्यांनी करा. इलेक्ट्रॉन धन पट्टीकडे वळतो, एवढं आकृतीत बाणाने दाखवा. बलरेषा म्हणजे कणाचा मार्ग नव्हे. बलरेषा त्वरणाची दिशा सांगते, वेगाची नाही.

गुरुत्व इथे सोडून द्या. विद्युत बल इलेक्ट्रॉनच्या वजनाच्या सुमारे १८० लाख कोटी पट आहे. मिलिकनच्या प्रयोगात, जिथे प्रभारित तेलाचा थेंब विद्युत क्षेत्रात तोलतात, तिथे मात्र ते सोडलं तर सगळंच चुकतं. वेगाचं नेहमीचं सूत्र २००० व्होल्टला चालतं, वेग प्रकाशाच्या ९ टक्केच असतो. २.५६ लाख व्होल्टला हेच सूत्र थेट प्रकाशाचा वेग देतं, म्हणजे त्याच्या बऱ्याच आधी सापेक्षता वापरायला हवी.

प्रयोगशाळेत ठिपका एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी सरकत असेल, तर ज्या निर्वात नळीत हे इलेक्ट्रॉन धावतात तिची दिशा तपासा. महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे. चुंबकीय कवच नसलेली नळी पूर्व-पश्चिम ठेवली, तर वरच्या मापांत तो एकटाच ठिपका ८ मिमीच्या आसपास वरखाली सरकवतो. नळी उत्तर-दक्षिण ठेवा, पट्ट्यांची ध्रुवता उलटवून दोन वाचनं घ्या आणि दोन्ही विचलनांची सरासरी काढा.

ठिपका मुळीच हलत नसेल तर जोडण्या पाहा, मग निर्वात. १८८३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झला कॅथोड किरण (म्हणजे इलेक्ट्रॉनांचाच झोत) विद्युत क्षेत्रात वळलेले दिसले नाहीत, कारण नळीत उरलेला वायू आयनित होऊन क्षेत्रच दाबून टाकत होता. १८९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने वायू आणखी काढला, आणि पट्ट्यांवर अवघे २ व्होल्ट असतानाही त्याला विचलन दिसलं.