नोकरदार घरातील बोरन्हाण: तयारीपासून आवराआवरीपर्यंत

बोरन्हाण, म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे ओतण्याचा समारंभ, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतो, हे बहुतेक घरांत ठाऊक असते. परंतु हा काळ दर वर्षी सारखा नसतो, हे अनेकदा ऐन वेळी लक्षात येते. संक्रांत सूर्याच्या संक्रमणावर ठरते, म्हणून ती हल्ली १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमीला असल्यामुळे तिथीप्रमाणे मागेपुढे सरकते. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला, तर २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच येऊन ठेपली. म्हणजे २०२४ मध्ये नोकरदार आईवडिलांच्या हाती चार रविवार होते आणि २०२६ मध्ये केवळ दोन, त्यांतलाही दुसरा खुद्द रथसप्तमीचा. म्हणून नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली, की सर्वप्रथम तिच्यात रथसप्तमी शोधावी आणि बोरन्हाणाचा दिवस तेव्हाच ठरवून टाकावा. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे किंक्रांत किंवा करीचा दिवस, बरीच घरे शुभकार्यासाठी टाळतात. घरातील वडीलधाऱ्यांना तो चालणार आहे का, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या आणि रविवारी सुटी नसणाऱ्या आईवडिलांनी रविवारचा हट्ट धरण्याचे कारण नाही. लहान मुलांचे पाहुणे शाळेतून दुपारी घरी आलेलेच असतात, त्यामुळे आठवड्यातील कोणतीही संध्याकाळ चालते. मूल पहिल्या संक्रांतीचे असले तर उत्तम. ते राहून गेले असल्यास पाच वर्षांचे होईपर्यंत पुढच्या कोणत्याही वर्षी करता येते. काही घरांत पहिले, तिसरे, पाचवे अशी विषम वर्षेच धरतात. पाठोपाठची दोन भावंडे असतील तर दोघांचे एकाच दिवशी, शेजारी शेजारी पाट मांडून करावे. दोन वेगळे समारंभ केल्याने कोणाचेच भले होत नाही.

दिवसापेक्षाही वेळ अधिक महत्त्वाची आहे, आणि ती मुलाच्या घड्याळाप्रमाणे ठरवावी. बोरन्हाण बिघडते ते बहुधा एकाच कारणाने: ते सायंकाळच्या हळदीकुंकवाला जोडले जाते, पाहुण्या साडेसहाला येऊ लागतात, सर्व जमेपर्यंत साडेसात होतात, आणि तोवर झोपेला आलेले मूल काळ्या झबल्यात घामाघूम होऊन रडत असते. दुपारची झोप झालेली, दूध किंवा खाऊ पोटात गेलेला आणि अंधार पडायला अवकाश असलेला असा साडेचार ते साडेपाचचा तास सर्वांत सोयीचा असतो. नाशिकला जानेवारीच्या मध्यास सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर हवेत जो गारठा उतरतो, तो उघड्या गच्चीवर किंवा इमारतीच्या वाहनतळात बसवलेल्या बाळाला मानवत नाही. हळदीकुंकू त्याच दिवशी करायचे असेल तर ते नंतर, सहापासून ठेवावे. मूल तेव्हा आजोबांकडे देता येते. गच्चीवर समारंभ करण्याचा मोह संक्रांतीच्या आसपासचे दिवस तरी आवरावा, कारण त्या काळात आकाशात पतंग असतात, आणि २०१७ पासून देशभर बंदी असूनही नायलॉनचा मांजा पूर्णपणे हद्दपार झालेला नाही. कापलेल्या पतंगाचा असा मांजा गच्चीवर खेळणाऱ्या मुलांच्या गळ्याशी येणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

काय उधळावे, काय उधळू नये

भोगीच्या आधी सुगडांसाठी बोरे, ऊस, गाजर, हरभऱ्याचे घाटे आणि ओल्या शेंगा घ्यायला आपण रविवार कारंजा, भद्रकाली किंवा गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जातोच. बोरन्हाण संक्रांतीनंतर दोन-चार दिवसांत असेल तर ऊस आणि शेंगा त्याच फेरीत जास्तीच्या आणाव्यात; बोरे मात्र आदल्या दिवशीच घ्यावीत, कारण पिकलेली गावरान बोरे फार दिवस तग धरत नाहीत. हलवा, रेवड्या आणि चुरमुरे हा कोरडा माल आठवडाभर आधी आणून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावा.

बारा-पंधरा मुलांसाठी अर्धा किलो चुरमुरे, किलोभर लहान बोरे, पाव किलो हलवा व रेवड्या मिळून, अर्धा किलो भुईमुगाच्या शेंगा आणि कागदात गुंडाळलेल्या गोळ्या-चॉकलेटांची एक-दोन पाकिटे पुरेशी होतात. चुरमुरे वजनाला हलके असले तरी त्यांचा ढीग मोठा दिसतो, आणि डोक्यावरून पडताना ते लागत नाहीत. म्हणून मिश्रणात अर्ध्याहून अधिक वाटा त्यांचाच असावा. लिंबाएवढी मोठी ‘ॲपल बोरे’ दिसायला छान असली तरी उधळण्यास अगदी अयोग्य आहेत. ती चिरून ताटात ठेवावीत. उसाचे करवे करायचे असतील तर साल पूर्ण काढावी, कारण सालीची कड धारदार असते आणि गर्दीत कोणाच्याही डोळ्याला लागू शकते.

येथे थोडे थांबून एका अडचणीच्या गोष्टीचा विचार करायला हवा. बोरन्हाणात परंपरेने जे जे उधळले जाते, त्यातील बहुतेक पदार्थ ज्या वयाच्या मुलासाठी हा समारंभ असतो, त्याच वयाला धोक्याचे असतात. बोराची आठळी, सोललेला शेंगदाणा, काटेरी हलवा, फुटाणे, कडक गोळी या साऱ्या वस्तू लहान, गोल किंवा कठीण असून त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. म्हणूनच चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे व कडक गोळ्या देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे जानेवारीत द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला असतो आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी निफाड-पिंपळगावकडची द्राक्षे हमखास घेऊन येते. अख्खे द्राक्षही याच यादीत मोडते. लहानांना ते उभे चार तुकडे करूनच द्यावे, आणि उधळण्यात तर अजिबात घालू नये, कारण पायाखाली चिरडले की जमीन निसरडी होते.

याचा अर्थ परंपरा मोडावी असा नाही. दोन भांडी वेगवेगळी भरावीत, एवढाच त्यावरचा उपाय आहे. पहिल्या भांड्यात चुरमुरे, गुलाबाच्या व झेंडूच्या पाकळ्या आणि वर दिसण्यापुरती चार-पाच बोरे असावीत. हे भांडे बाळावर ओतायचे. मोगल काळी ज्या नाशिकचे नाव गुलशनाबाद होते, तेथे गुलाबाच्या पाकळ्यांचा तुटवडा पडू नये. दुसऱ्या भांड्यात हलवा, रेवड्या, शेंगा, उसाचे करवे, चॉकलेटे अशी खरी लूट ठेवावी आणि ती पाच वर्षांवरील मुलांसाठी बाळापासून चार हात दूर उधळावी. फोटोत दोन्ही सारखेच दिसते. बोलावलेल्या मुलांपैकी कोणाला शेंगदाणा किंवा तीळ सोसत नाही का, हे त्यांच्या आईवडिलांना निमंत्रणाच्या निरोपातच विचारावे. अशी ॲलर्जी काही मुलांना असते आणि विचारल्याचा कोणालाही राग येत नाही.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या मुलाच्या घशात काही अडकले, आणि ते खोकत किंवा रडत असले, तर त्याला खोकू द्यावे. त्याचा आवाजच फुटत नसेल तर मात्र तोंडात बोट घालून चाचपडत बसू नये, कारण त्याने वस्तू आणखी आत जाते. एक वर्षाखालील बाळाला आपल्या हातावर पालथे घेऊन, डोके खालच्या बाजूला ठेवून, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. त्याहून मोठ्या मुलाला पुढे वाकवून तशाच थापा द्याव्यात, आणि दुसऱ्या कोणी त्याच क्षणी १०८ क्रमांकावर फोन लावावा.

कपडे आणि हलव्याचे दागिने

काळा रंग ऊब धरून ठेवतो म्हणून संक्रांतीला काळे कपडे घालतात; पण बाळाच्या अंगाला लागणारा आतला थर मऊ, जुन्या, धुतलेल्या सुती कापडाचाच असावा. बाजारातून आणलेला नवा काळा फ्रॉक किंवा झब्बा एकदा धुऊन घ्यावा, कारण नव्या काळ्या कापडाचा रंग पहिल्या घामालाच अंगावर उतरतो.

हलव्याचे दागिने मेन रोड, दहीपूल परिसरात पूजासाहित्याच्या दुकानांतून तयार मिळतात, आणि घरगुती ते करून देणाऱ्या स्त्रियाही जवळजवळ प्रत्येक वसाहतीत असतात. त्यांच्याकडे काम सांगायचे असेल तर निदान दहा दिवस आधी सांगावे, आणि सांगताना मुलाचे वय व डोक्याचा घेर कळवावा. मुकुट मोठा झाला की तो डोळ्यांवर घसरतो आणि मूल तो लगेच भिरकावते. मुलासाठी मुकुट, हार, बाजूबंद, कडी आणि बासरी, तर मुलीसाठी मुकुट किंवा बिंदी, हार, बांगड्या आणि कमरपट्टा, असा संच साधारणपणे असतो. सर्व काही घालायलाच हवे असे नाही. वर्षाच्या आतील बाळाला मुकुट आणि एक हार एवढे पुष्कळ झाले.

दागिना घेताना तो उलटा करून पाहावा. हलवा दोऱ्यात ओवलेला आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे की तारेवर बांधलेला आहे, हे मागच्या बाजूने कळते. तारेचे टोक बाहेर आले असेल तर तो घेऊ नये. चिकटवलेला हलवा खाण्याजोगा नसतो, हे घरातील मोठ्या भावंडांना आधीच स्पष्टपणे सांगावे, कारण बाळाच्या गळ्यातील हलवा गुपचूप तोडून खाणे हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क असल्याचे ते समजतात. काटेरी हलवा उघड्या कातडीला टोचतो, म्हणून दागिने नेहमी कपड्यावरच बांधावेत, आणि फोटो झाले की काढून ठेवावेत. दात येत असलेले बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते.

प्रत्यक्ष समारंभ

बैठकीच्या खोलीतील टेबल, खुर्च्या बाजूला सारून मधोमध जुनी, धुतलेली मोठी चादर किंवा सतरंजी अंथरावी. तिच्यावर पाट, आणि पाटाभोवती फुलांची रांगोळी घालावी. रंगांची रांगोळी चादरीवर पसरते आणि मुलांच्या हातांतून तोंडात जाते. बसणारे मूल पाटावर बसवावे, त्याहून लहान बाळ आईच्या किंवा आजीच्या मांडीवर घ्यावे. औक्षणाच्या तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असावी. निरांजनाची वात लहान ठेवावी आणि औक्षण संपताच तबक उंच ठिकाणी न्यावे, कारण त्यानंतर लगेच मुलांची झुंबड उडणार असते.

औक्षण पाच सुवासिनींनी करावे असा रिवाज आहे. मात्र आईवडील दोघेही कामावर जात असताना दिवसभर बाळाला सांभाळणारी आजी विधवा असेल, तर तिला मागे बसवून शेजारणींकडून औक्षण करून घेणे मला योग्य वाटत नाही. पहिले औक्षण तिनेच करावे. आजोबांनी व वडिलांनीही करावे. यावरून घरात वाद होण्याची शक्यता वाटत असेल तर तो आठवडाभर आधीच होऊ द्यावा, पाहुण्यांसमोर नको.

औक्षणानंतर पहिल्या भांड्यातील चुरमुरे व पाकळ्या लहान वाटीने घेऊन बाळाच्या डोक्यावरून ओताव्यात. हात उंच नेऊ नये. टाळूपासून वीतभर अंतर पुरे आहे. डोळ्यांवर काही येऊ नये म्हणून मागे बसलेल्याने बाळाच्या कपाळावर आडवा हात धरावा. बाळ हसले तर पाच वाट्या, गांगरले तर दोन, आणि रडले तर एकच वाटी ओतून त्याला उचलून आत न्यावे. रडत्या मुलाला फोटोसाठी पुन्हा पाटावर बसवू नये. त्याचा समारंभ तेवढ्याने पूर्ण झालेला असतो.

यानंतर मोठ्या मुलांची लूट. आधी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चादरीवर सोडून त्यांच्यापुढे फक्त चुरमुरे, मऊ बिस्किटे आणि लहान खेळणी उधळावीत, ती मुले बाजूला झाली की मग मोठ्यांना बोलवावे. सर्वांना एकदम सोडल्यास धाकटी मुले रिकाम्या हातांनी रडत परततात. प्रत्येकाला आल्याबरोबर एक कापडी पिशवी द्यावी. जाताना तिच्यात तिळगुळाच्या दोन वड्या घालाव्यात, म्हणजे ज्याच्या वाट्याला कमी आले त्याचीही समजूत निघते.

खाण्याचा बेत आटोपशीर असावा. उधळण्यासाठी चुरमुरे आणताना अर्धा किलो जास्त आणून वेगळे ठेवले तर त्यांची भेळ होते. तिच्यासोबत हंगामातल्या ताज्या मटारच्या करंज्या बाहेरून मागवाव्यात आणि मोठ्यांना चहा, मुलांना दूध द्यावे. हळदीकुंकवाचे वाण आधीच एका टोपलीत भरून दाराजवळ ठेवावे, म्हणजे ते देण्यासाठी कोणाला आत-बाहेर धावावे लागत नाही.

मुले गेल्यावर चादर चारही कोपरे धरून उचलावी, म्हणजे नव्वद टक्के पसारा एकदमच गोळा होतो. त्यातील चॉकलेटांचे कागद सुक्या कचऱ्यात आणि तुडवलेले चुरमुरे, पाकळ्या, बोरे ओल्या कचऱ्यात घालून सकाळच्या घंटागाडीत द्यावीत. त्यानंतर सोफ्याखाली, पायपुसण्याखाली आणि पाळण्याच्या आसपास मोबाइलची बॅटरी लावून एकदा नीट पाहावे: दुसऱ्या दिवशी रांगणाऱ्या बाळाला जो शेंगदाणा सापडतो, तो नेमका तेथेच पडलेला असतो. हलव्याचे दागिने ठेवायचे असतील तर ते टिश्यू कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावेत. उघड्यावर राहिले तर रात्रीतून मुंग्या लागतात, आणि पावसाळ्याची दमट हवा लागली की हलवा ओलसर होऊन पाझरतो, म्हणून पुढच्या वर्षी धाकट्याला तेच घालण्याचा विचार सहसा सोडून द्यावा लागतो.