नव्या इलेक्ट्रिक गाडीत कंबर आणि पाय कसे रुळले
बॅटरी पायाखालीच असल्यानं माझ्या गाडीचा तळ उंच आहे. गुडघे वर राहतात, मांड्यांना टेकू मिळत नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला पोचेपर्यंत कंबर धरायची. आधी सीट उंच केली, मग जरा मागे सरकवली, शेवटी स्टिअरिंग जुळवून घेतलं. कंबर सुटली.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी गचकन मंदावायची, मागून आई ओरडायची, "हळू की रे!" म्हणून रिजनरेशन (पाय उचलल्यावर गाडी मंदावून ती वीज बॅटरीत परत भरणारी सोय) सगळ्यात कमी ठेवलं, पाय बसल्यावर एकेक पातळी वाढवली. बॅटरी पूर्ण भरलेली असली की ही ओढ कमी लागते, तेव्हा ब्रेकवर पाय तयार हवा.

एसी स्क्रीनमध्ये दडलाय (साधं बटण द्यायला काय झालं होतं!). निघण्याआधीच २४ वर लावून ऑटोवर सोडतो.