एकट्याने लांबचा रेल्वेप्रवास: रेल्वेवेड्या कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

कोल्हापूर हे टोकाचे स्थानक आहे. संस्थानी काळात, १८९१ मध्ये, मिरजेहून आलेला रूळ येथे येऊन थांबला तो थांबलाच. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणाऱ्या मार्गाची चर्चा आपण इतकी वर्षे ऐकत आहोत की आता तिची बातमी कोणी मोठ्याने वाचूनही दाखवत नाही. टोकाच्या स्थानकामुळे आपल्याला एक सवय जडली आहे. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधीपासून फलाटावर लागलेली असते, आपण सावकाश येतो, डबा शोधतो, सामान लावतो, पुन्हा खाली उतरून चहा घेतो आणि इंजिनाचे दर्शन घेऊनही येतो. एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्या रेल्वेप्रेमींच्या पुष्कळशा चुका या निवांतपणातून जन्माला येतात, कारण मिरजेच्या पुढे कोणतीही गाडी आपल्यासाठी थांबून राहत नाही, आणि "अहो, गाडी सुटली" असे ओरडून सांगणारे घरचे माणूसही सोबत नसते.

पहिली चूक मात्र घरी बसूनच होते. सामान्य प्रवासी गाडी निवडताना ती किती वाजता पोहोचते ते पाहतो. रेल्वे पाहण्यासाठी निघालेल्याने कोणता टापू उजेडात येतो ते पाहिले पाहिजे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कोल्हापूर सोडते, म्हणून मुंबईला कामासाठी जाणाऱ्याला ती सोयीची. पण निरा, जेजुरी, शिंदवणे घाट हे सारे तिच्या प्रवाशाच्या झोपेत निघून जाते. कोयना एक्सप्रेस सकाळी निघते आणि जवळजवळ सगळा मार्ग दिवसाउजेडी दाखवते. परतीची कोयनाही मुंबईहून सकाळीच निघते, त्यामुळे भोर घाट चढण्यापूर्वी कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, डोळ्यांनी पाहता येतात. या घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, आणि मागून रेटणाऱ्या इंजिनांचा जोर शेवटच्या डब्यांत बसले की अंगाला जाणवतो. हे सुख रात्रीच्या गाडीत नाही, आणि वातानुकूलित डब्याच्या काळपट, धुळकट काचेआड तर मुळीच नाही. माझे मत विचाराल तर पाहण्याच्या प्रवासाला स्लीपर डबाच घ्यावा, फार तर परतीला वातानुकूलित.

ज्याला पहिल्यांदाच एकट्याने लांब जायचे आहे त्याला मी महाराष्ट्र एक्सप्रेस सुचवतो. ती कोल्हापुरातून दुपारी निघून पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर करीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला पोहोचते. सुमारे साडेतेराशे किलोमीटर जाऊनही राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून भाषेची अडचण येत नाही आणि अडीअडचणीला कोणाशीही बोलता येते. मात्र तिचे वेळापत्रक आधी नीट वाचावे. साताऱ्यापर्यंतच दिवस मावळतो, शिंदवणे घाट अंधारात जातो, आणि पाहण्याजोगे खरे काही दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात मिळते. अकोला सोडल्यावर मूर्तिजापूर येते, ज्याच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी शकुंतला नावाच्या छोट्या गाडीचे अडीच फुटी अरुंद रूळ जात. गाडी बंद झाली असली तरी ते माहीत असलेला माणूस खिडकीशी बसतो, माहीत नसलेला तेव्हा मोबाइल पाहत असतो.

तिकिटातील चुका

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले, तरी जुन्या हिशेबाने बेत आखणारे अजून भेटतात. त्याहून जास्त फसवणारा प्रकार मध्यरात्रीचा. गाडी एखाद्या स्थानकावर रात्री १२ वाजून २० मिनिटांनी येत असेल, तर 'शनिवारी रात्रीची गाडी' म्हणून आपण ज्या तारखेचे तिकीट काढतो ती तारीख चुकते. ती गाडी रविवारची असते, आणि स्थानकावर आपण पोहोचतो तेव्हा तिकिटाची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. यावर उपाय एकच: तिकीट काढताना वार न पाहता घड्याळातील वेळ आणि तारीख एकत्र कागदावर लिहावी.

तत्काळचा दिवसही गाडीच्या मूळ स्थानकावरून मोजतात. कोल्हापुरातून १० तारखेला निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरला ११ तारखेला पोहोचते. तेव्हा नागपूरहून ११ तारखेला तिच्यात बसणाऱ्याचे तत्काळ आरक्षण ९ तारखेलाच उघडते, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला. १० तारखेला सकाळी संगणकापुढे बसणाऱ्याला उरलेसुरलेच मिळते. गाडीचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या ॲपवरही हाच गोंधळ होतो, कारण तेही मूळ स्थानकाची तारीख विचारतात; चुकीची तारीख निवडली की काल पोहोचलेली गाडी आपण आज शोधत बसतो.

वेटिंगचे तिकीट घेऊन 'आत गेल्यावर टीसीशी बोलू' असे ठरवून निघू नये. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर प्रवास करणारा विनातिकीट ठरतो. खिडकीवरचे वेटिंग तिकीट फक्त साध्या डब्यात चालते. आरएसी, म्हणजे दोघांत एक बर्थ, मिळाली तर मात्र नाराज होऊ नये. साइड लोअरची, म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थची, अर्धी जागा म्हणजे बसायला हक्काची खिडकी, आणि रेल्वे पाहायला निघालेल्याला दिवसा आणखी काय हवे असते? रात्रीचे अवघडलेपण त्याबदल्यात सोसावे.

स्थानकाच्या नावाकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना पूर्वी दौंडला इंजिन बदलून उलट्या दिशेने निघावे लागे. आता दौंड कॉर्ड लाइन हे वेगळे स्थानक झाल्याने कित्येक गाड्या मुख्य जंक्शनात जातच नाहीत. मध्येच दौंडला उतरून दुसरी गाडी धरण्याचा बेत असेल तर दोन्ही तिकिटांवर कोणते दौंड आहे ते तपासावे, नाहीतर सामान घेऊन रात्री रिक्षा शोधावी लागते.

"तुम्ही एकटेच आहात ना?"

हा प्रश्न एकट्या प्रवाशाला प्रत्येक प्रवासात विचारला जातो. आपण ६० दिवस आधी मन लावून साइड लोअर मिळवलेली असते, आणि गाडी हलायच्या आतच समोर पाच-सहा जणांचे कुटुंब उभे राहते. "दादा, तुम्ही एकटेच आहात ना? मग आमची ती वरची घ्या की, आईंना चढता येत नाही." आईंना खरोखरच चढता येत नसेल तर जागा द्यावी, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. पण अनेकदा आई समोरच्या खालच्या बर्थवर आधीच निवांत बसलेल्या असतात आणि जागा हवी असते ती पत्ते खेळायला. अशा वेळी नम्रपणे नकार देण्यात गैर नाही. जागा बदललीच, तर बदललेली जागा त्याच डब्यात आहे ना, ती खरोखर त्यांच्याच नावावर आहे ना आणि ते कुठे उतरणार आहेत, हे तिकीट पाहून ताडून घ्यावे, आणि टीसी आल्यावर त्यांना सांगावे. एकदा मी सातव्या क्रमांकाचा बर्थ सोडून दुसऱ्या डब्यातील जागेवर गेलो, आणि पुढच्याच मोठ्या स्थानकावर त्या जागेचा खरा धनी आला. परत येऊन पाहतो तर माझ्या बर्थवर दोन मुले गाढ झोपलेली. त्यांना उठवणे जमले नाही आणि उरलेली रात्र दोन डब्यांमधल्या जागेत पिशवीवर बसून काढली.

खाली उतरण्याची चूक

रेल्वेप्रेमींची ही खास चूक आहे, आणि माझ्याकडून ती मिरजेत झाली. हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपतीला निघालो होतो. डबा शेवटून दुसरा, आणि इंजिनाच्या अंगावर कोणत्या शेडचे, म्हणजे देखभालीच्या आगाराचे, नाव आहे ते पाहिल्याशिवाय चैन पडत नव्हते. पाण्याची बाटली आणि मोबाइल एवढेच घेऊन उतरलो, पाकीट पिशवीत, पिशवी बर्थखाली. एलएचबी या नव्या धाटणीचा एक डबा साधारण २४ मीटर लांब असतो. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब भरते आणि गर्दीच्या फलाटावरून ते अंतर चालायला सहा-सात मिनिटे लागतात. हा हिशेब मी घरी बसून कोणालाही सांगितला असता, पण त्या दिवशी स्वतःसाठी केला नाही. इंजिनाशी पोहोचलो, दोन छायाचित्रे घेतली, तिसऱ्यासाठी वाकलो आणि पुढचा सिग्नल पिवळा, म्हणजे गाडीला निघायला मोकळा, झालेला मला दिसलाच नाही. भोंगा वाजला तेव्हा माझा डबा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. धावत जाऊन पुढच्या साध्या डब्यात चढलो, ही दुसरी चूक आणि पहिल्यापेक्षा मोठी, कारण चालत्या गाडीत चढताना पाय घसरला तर फलाट आणि डबा यांच्यातील फटीत माणूस जातो. साध्या डब्यातून आरक्षित डब्यांकडे जाणारे शटर बंद होते. पुढचा थांबा येईपर्यंत दाराशी उभा होतो, खिशात दहा रुपये नाहीत आणि तिकीट-ओळखपत्र दोन्ही अर्धा किलोमीटर मागे.

तेव्हापासून पाळत असलेले नियम सांगतो. पैसे, ओळखपत्र आणि फोन अंगावरच असावेत, मग प्रवास दोन तासांचा असो वा दोन रात्रींचा. इंजिन पाहायचे ते गाडी लागते त्या पहिल्या स्थानकावर किंवा शेवटच्या स्थानकावर; मध्ये आपल्या डब्यापासून तीन डब्यांपलीकडे जायचे नाही. फलाटावर उतरल्यावर तोंड सिग्नलकडे ठेवावे, चहावाल्याकडे पाठ झाली तरी चालेल. गाडी उशिरा धावत असेल तर थांबा छोटा होतो, वेळापत्रकातील दहा मिनिटे हक्काची समजू नयेत. क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या छोट्या स्थानकावर लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली, तर फलाट नसलेल्या बाजूने तर मुळीच उतरू नये. समोरून येणारी गाडी गेली की आपली किती वेळाने हलेल याचा अंदाज चालकालाही सिग्नल पडेपर्यंत नसतो.

गाडी सुटूनच गेली, तर मागे धावू नये. स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत जाऊन गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ आणि पिशवीचा रंग सांगावा. पुढच्या स्थानकाला निरोप देऊन सामान उतरवून घेण्याची व्यवस्था ते करू शकतात. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. दुसऱ्याकरवी साखळी ओढवण्याचा विचार मनात येतोच, परंतु पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणे हा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे, आणि इंजिनाचे छायाचित्र हे पुरेसे कारण मानले जात नाही.

दारात उभे राहण्याबद्दल लांबण लावत नाही, कारण सगळ्यांना कळते आणि सगळे उभे राहतात. वळणावर दार जोरात आपटते, एवढे लक्षात ठेवले तरी चौकटीवर ठेवलेली बोटे आपोआप मागे येतील. बाहेर हात काढून चित्रीकरण करणाऱ्यांसाठी मुंबईच्या आसपास फटका गँग असते: रुळांलगत उभे राहून हातावर काठी मारायची आणि पडलेला फोन उचलायचा. फोन जातो तो जातो, तोल गेला तर माणूस जातो. रुळांवर उतरून छायाचित्रे काढणे हा तर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा आहे.

दोन गाड्या जोडताना

लांबच्या प्रवासात एका गाडीतून दुसरीत बदलावे लागते, आणि वेळापत्रकावर दीड तासाचे अंतर दिसले की आपण खूश होतो. मी दिवसा चार तास आणि रात्री त्याहून जास्त ठेवतो. उरलेला वेळ फलाटावर गाड्या पाहण्यात जातो, त्यामुळे वाया गेल्यासारखे वाटत नाही. दोन्ही तिकिटांचे पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक, एकमेकांना जोडण्याची सोय २०१९ पासून आहे. नाव वगैरे तपशील दोन्हींवर तंतोतंत सारखे हवेत आणि पहिली गाडी जिथे सोडतो तिथूनच दुसरी हवी. मग पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्दशुल्काशिवाय परत मागता येतात. चढण्याच्या स्थानकावरच गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचे नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा. पुष्कळजण घरी परतल्यावर भरतात आणि मग परतावा मिळत नाही म्हणून चिडतात.

खाण्याचे एका परिच्छेदात आटोपतो. दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा झुणका दीड दिवस टिकतात. तांबडा रस्सा घट्ट झाकणाच्या डब्यातसुद्धा नेऊ नये. साताऱ्याच्या पुढे तो कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर सापडतो. जागेवर जेवण मागवायचे असेल तर गाडीचा उशीर पाहून पुढच्या स्थानकाचे मागवावे.

फोनचे चार्जिंग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याची रेल्वेची सूचना आहे, तेव्हा पॉवर बँक भरून न्यावी आणि पीएनआर, बर्थ व घरचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. बर्थखालच्या कडीला पिशवी साखळीने बांधावी. मध्यरात्री उतरायचे असेल तर १३९ वर फोन करून स्थानक येण्यापूर्वी जागे करण्याची सूचना लावून ठेवता येते, तरी स्वतःचा गजरही असावा. परतीच्या प्रवासात आपल्याला गजराची गरज नसते, कारण कोल्हापूरच्या पुढे गाडी जातच नाही; फार तर सफाईवाले काका दारावर काठी आपटून सांगतात, "ओ पावणं, उठा, गाडी यार्डात चालली."