कोषाला टाचणी लावू नका: प्राण्यांच्या पिल्लांबद्दल शिकवतानाच्या या चुका टाळा

बालवाडीत शिकवणाऱ्या नव्या बाईंना दरवर्षी हेच सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी घाई करतंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुलपाखराला 'मदत' करणं. लालबागच्या बालवाडीत आम्ही कढीपत्त्यावरची अळी ठेवली होती, कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची. आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, मग हिरवीगार. कोष झाला. शनिवारी पालक येणार आणि शुक्रवारी कोष काळा पडला, म्हणजे फुलपाखरू बाहेर यायच्या बेतात. मदतनीस म्हणाली, "बाई, जरा टाचणीने सोडवूया का?" मी हो म्हटलं. माझीच अक्कल! पोट फुगलेलं, पंख चुरगळलेले, असं फुलपाखरू बाहेर आलं. चार वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "हिला इस्त्री करा ना."

कोषातून ते आपलं आपण बाहेर येतं, उलटं लटकतं आणि पोटातला द्रव पंखांत ढकलतं. तेव्हा कुठे पंख ताठ होतात. म्हणून जॅमची बाटली नको. मी उंच डबा घेते, तोंडाला जाळीचं कापड आणि आत खरखरीत काडी. पानं कढीपत्त्याचीच. कोबी दिलात तर अळी उपाशी मरेल. पातळ शी करून ती सैरावैरा फिरू लागली तर घाबरू नका, कोषाची तयारी चाललेली असते.

दुसरी चूक, बाजारातलं अंडं कापसात ठेवून पिल्लाची वाट बघणं. त्या पोल्ट्रीच्या अंड्यांत कोंबड्याचा संबंधच नसतो, एकवीस दिवस काय, वर्षभर थांबा. मुलांना खोटी आशा लावणं मला अजिबात पटत नाही.

बेडकाची शेपटी गळून पडत नाही, शरीरातच जिरते. पाय आधी मागचे फुटतात. चित्रात उलटं असेल तर चित्र फाडा.

सरसकट 'पिल्लू' म्हणू नका. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू. मुंबईच्या मुलांनी करडू पाहिलेलं नसतं म्हणून शब्दही द्यायचा नाही?

प्रत्येक किड्याचा कोष होतो, हेही खोटं. झुरळाचं पोर बिनपंखांचं छोटं झुरळच असतं. नमुना शोधायला आपल्याकडे लांब जावं लागत नाही.

आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी कोष काळा पडला, तर डबा घरी न्या. मी नेलाय, लोकलच्या लेडीज डब्यात, मांडीवर घट्ट धरून.