स्पिटफायर मार्क ८: आराखड्यातले पंख किटपेक्षा लांब (माझा अनुभव)

स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, मार्क ८ ही त्याची एक आवृत्ती. तिचं मॉडेल जोडायला घेतलं. लक्षण असं: १:७२ च्या (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) किटचे पंख टोकापासून टोकापर्यंत १५६ मिमी, आणि प्रिंट काढलेल्या आराखड्यात १७० मिमी. करायचं होतं ब्रह्मदेश आघाडीवरच्या भारतीय हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनचं विमान.

खडेबाजारातून झेरॉक्स लहान करून आणली. पंख जुळले, पण धड आखूड झालं. दुसऱ्या कंपनीचं किट मागवलं, तेही १५६. डोक्याचा पार भुगा झाला.

जमलं ते असं. आधी मूळ फाइल 'ॲक्च्युअल साइज'वर छापली, 'फिट टू पेज' बंद करून. आराखड्यावरची मापपट्टी स्टीलच्या पट्टीने तपासली. मग फक्त धड किटशी ताडलं. तंतोतंत! म्हणजे घोळ पंखांतच. पंखांची मापं ७२ ने गुणली: १७० चे झाले १२.२४ मीटर, १५६ चे ११.२३. इथेच उलगडा झाला. सुरुवातीच्या काही मार्क ८ ना उंचावरच्या लढाईसाठी लांब, टोकदार पंखटोकं बसवलेली. नंतरच्यांना नेहमीची गोलसर. आराखडा पहिल्या प्रकारचा, किट दुसऱ्या.

शेवटी ज्या क्रमांकाचं विमान करायचं, त्याचाच फोटो शोधला. त्याच स्क्वाड्रनच्या दुसऱ्या विमानाचा फोटो चालत नाही. टोक गोलसर दिसलं. किटचे पंख तसेच ठेवले, आराखडा धडापुरता वापरला.

मार्क ९ च्या किटचे पंख उसने घेणार असाल तर एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) बघा. मार्क ८ चा आखूड असतो. एलरॉनची जुनी रेघ पुट्टीने बुजवून नवी कोरावी लागते.