सवय वाईट दिवसाच्या मापाची हवी

समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच माणसांकडे एक यादी आधीच तयार असते. पहाटे उठायचं, तासभर व्यायाम, अर्धा तास ध्यान, रोज डायरी, संध्याकाळनंतर मोबाइल बंद. यादीत वावगं काहीच नसतं. पण ती केलेली असते उमेदीच्या दिवशी, आणि खरी गरज पडते ती अंथरुणातून उठवत नाही त्या दिवशी. तेव्हा ती पेलत नाही. मग यादी राहते बाजूला आणि ‘आपल्याच्यानं एवढंही होत नाही’ ही टोचणी तेवढी मागे उरते.

म्हणून मी सुरुवातीलाच विचारते, ‘गेल्या महिन्यातला तुमचा सगळ्यात वाईट दिवस आठवा. त्या दिवशी यातलं काय झालं असतं?’ जे झालं असतं, तेवढीच सवय धरायची. तासभर व्यायाम नव्हे, पायात चपला घालून दाराबाहेर पडणं. डायरीचं पानभर लिखाण नव्हे, तारीख आणि एक ओळ. बाहेर पडल्यावर पाय निघाले तर खुशाल चार किलोमीटर चालून या. नाही निघाले तर दोन मिनिटं उभं राहून परत या, त्या दिवसाची सवय पूर्ण झाली. हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो. एवढ्यानं काय होणार, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

आधी हात हलवायचे

मन लागत नाही म्हणून आपण काही करत नाही, आणि काही करत नाही म्हणून मन आणखीच लागेनासं होतं. नैराश्याचं हे चक्र मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७०च्या दशकात मांडलं. माणूस मागे सरतो, त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात, त्यामुळे तो आणखी मागे सरतो. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या १५० रुग्णांवर एक तुलना केली. काहींना विचार तपासण्या-बदलण्यासकट पूर्ण उपचार दिला, तर काहींना त्यातला फक्त ठरवून कामं करण्याचा भाग. दोन्हीकडे सुधारणा सारखीच दिसली. हे सगळं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली झालेलं होतं, घरच्या घरी नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण दिशा त्यातून नक्की मिळते. इच्छा होईपर्यंत थांबलं तर थांबणंच होतं. इच्छा पुष्कळदा काम सुरू झाल्यावर येते.

कुठलं काम, हे मात्र पुस्तकातून घेऊ नका. स्वतःची नोंद करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वेळ, काय केलं, आणि त्या वेळी मन कसं होतं याचा १० पैकी अंक. आठवडाभर, दर दोन-तीन तासांनी. कारणं लिहायची नाहीत, स्वतःला बोल लावायचा नाही, फक्त अंक.

एका तरुणानं, तो काय म्हणाला आणि काय लिहिलं ते नाव न घेता सांगायची मला मोकळीक दिली आहे. नोकरी गेल्यापासून तो घरातच होता. ‘दिवसभर सारखंच वाटतं, काही फरक नसतो,’ हे त्याचं ठाम म्हणणं. त्याच्या एका दिवसाचं पान असं होतं. सकाळी ९ ते ११, अंथरुणात मोबाइल, २. सव्वाअकरा, अंघोळ, ३. दुपारी १२, नोकरीच्या जाहिराती पाहिल्या, १. दुपारी ४, भाचीला अपूर्णांकांची गणितं समजावली, ५. संध्याकाळी ६, परत मोबाइल, २. तो पाचाचा आकडा त्यानं स्वतःच लिहिला होता आणि तरीही तो त्याला दिसला नव्हता. आम्ही दोघं त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिलो. दिवस सारखा नव्हताच.

पुढच्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी ४ वाजता, भाचीचं गणित. त्या दिवशी मन कसंही असो. आणि जाहिराती रोज दुपारी नव्हे, तर या गणितानंतर, फक्त अर्धा तास. यानं त्याचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. आठवड्यात हात धरता येतील अशा दोन जागा तयार झाल्या.

तुमच्याही पानावर अंक वर गेलेल्या जागा शोधा. त्या दोन प्रकारच्या असतात: काहीतरी पार पाडल्याचं समाधान देणाऱ्या, आणि नुसता आनंद देणाऱ्या. कपाटाचा एक खण आवरणं पहिल्यात येतं, आवडीचं गाणं ऐकणं दुसऱ्यात. खचलेल्या माणसाला लोक ‘आराम कर’ असं सांगतात, ते प्रेमापोटीच. पण नुसत्या आरामात पहिला प्रकार अजिबात मिळत नाही, आणि माझ्या पाहण्यात उभारी तिथूनच जास्त येते.

निवडलेलं काम ‘जमेल तेव्हा’वर सोडू नका. रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला ते बांधा: दात घासून झाले की खिडकी उघडून बाहेर बघायचं, कामावरून आल्यावर पिशवी खाली ठेवली की पाणी प्यायचं आणि वहीत अंक लिहायचा. सवय किती दिवसांत लागते, याबद्दल २१ दिवसांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात मात्र, वागणं अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ होता. त्याच अभ्यासातली मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. नेहमीचं तेवढंच करा.

झोपेची सुरुवात सकाळी होते

सगळ्यांना हवा असतो रात्री लवकर झोप लागण्याचा उपाय. पण झोप हुकमानं लागत नाही. उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते. म्हणून आधी ती पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. रात्र वाईट गेली म्हणून सकाळी दोन तास जास्त लोळलं की पुढची रात्रही वाईट जाण्याची सोय होते, कारण झोपेची भूक तेवढी कमी झालेली असते.

उठल्यावर लवकरात लवकर उजेडात जा. मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो शरीराचं घड्याळ चालवतो. त्याचा दिवस माणसागणिक थोडा वेगळा, पण सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो, आणि तो रोज जाग्यावर आणण्याचं मुख्य काम सकाळचा उजेड करतो. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण तो काही शे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आतच असतो. बाहेर ढगाळ हवेतही हजारो लक्स मिळतात. म्हणून दाराबाहेरची ती दोन मिनिटं मी पहिल्या सवयीत घालते. दहा-पंधरा झाली तर उत्तमच. सूर्याकडे थेट बघायचं नाही.

चहा-कॉफीबद्दल एवढंच: पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतं. संध्याकाळी ५ चा कप रात्री १० वाजता अर्धा जागा असतो. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्री झोप तुटते, आणि सकाळचं मन त्याची किंमत मोजतं.

रात्री डोळा लागत नसेल तर? रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरली जाते. साधारण २० मिनिटं गेली असं वाटलं की उठा, घड्याळ बघू नका, दुसऱ्या खोलीत किंवा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मंद दिव्यात बसून काहीतरी संथ करा. डोळे जडावले की परत अंथरुणात. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा उठा. पहिले काही दिवस हे फार कठीण जातं. पण अंथरूण म्हणजे तळमळ अशी जी गाठ मेंदूत बसलेली असते, ती सुटायला दुसरा सोपा मार्ग नाही. दिवसा अंथरुणात बसून काम करणं, जेवणं, मोबाइल बघणं याच कारणासाठी टाळायचं. मोबाइलबद्दल माझा वेगळा उपदेश नाही. तो रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि साधं गजराचं घड्याळ आणा, एवढं केलं तरी पुष्कळ काम होतं.

काळजीला वेळ ठरवून द्या

‘काळजी करू नकोस’ हे वाक्य आजवर कुणाच्या उपयोगी पडलेलं मी पाहिलेलं नाही. विचार दाबला की तो दुप्पट जोरानं येतो. त्याला नकार देण्यापेक्षा वेळ द्यावी. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत वापरून पाहिली होती: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची, एरवी काळजी आली की तिला त्या वेळेवर ढकलायचं.

प्रत्यक्षात असं करा. संध्याकाळी ६ ची वेळ धरा, झोपेच्या तोंडावरची नको. अंथरुणावर नव्हे, खुर्चीत बसा. दिवसभर काळजीनं डोकं वर काढलं की खिशातल्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहा, ‘आईचा रिपोर्ट’, ‘हप्ता’, आणि मनाशी म्हणा, ‘सहाला बघू.’ सहाला चिठ्ठी समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न: यावर या आठवड्यात मी काही करू शकते का? ‘हप्ता’ला उत्तर हो असेल तर पुढची एकच पायरी लिहा, म्हणजे ‘उद्या ११ वाजता फोन करून मुदत विचारणे’. ‘आईचा रिपोर्ट’ला उत्तर नाही असेल, तर त्यावर उरलेला वेळ घाबरा, रडू आलं तर रडा, आणि अर्ध्या तासाचा गजर झाला की उठून दुसऱ्या खोलीत जा. गंमत नव्हे, पण सहा वाजेपर्यंत चिठ्ठीवरच्या काही ओळींचा जोर आपोआप गेलेला असतो.

झोपताना उद्याच्या कामांची गर्दी होत असेल तर पाच मिनिटं बसून ती कागदावर उतरवा. २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा करायची कामं लिहिणाऱ्यांना झोप काही मिनिटं लवकर लागली. यादी जितकी तपशीलवार, तितका डोळा लवकर लागला.

छातीत अचानक धडधड वाढली तर श्वासाकडे या. खोल घेण्यापेक्षा हळू सोडण्यावर भर द्या. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे दोन-तीन मिनिटं. चक्कर आली तर थांबा.

माणसं

खचलेलं माणूस पहिल्यांदा फोन उचलणं बंद करतं. काय बोलू, रडगाणंच ना, असं त्याला वाटतं. म्हणून बरं असतानाच एक काम करून ठेवा. दोन माणसं निवडा आणि त्यांना आधी सांगून ठेवा: ‘माझा नुसता एक टिंब आला, तर समज आज दिवस जड आहे. सल्ला नको, संध्याकाळी पाच मिनिटं फोन कर आणि तुझ्याकडचं काहीतरी सांग.’ वाईट दिवशी वाक्य जुळवता येत नाही. एक टिंब पाठवता येतो.

जवळच्या माणसांइतकीच वरवरच्या ओळखीची माणसंही लागतात, हे मला अनुभवानं पटलं आहे. जिन्यात भेटणारे शेजारी, रोजच्या बसचे वाहक, बागेत दिसणारे आजोबा. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या अभ्यासातही, अशा ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं झालेल्या दिवशी लोकांना अधिक बरं वाटल्याचं दिसलं. या माणसांना तुमचं दुःख माहीत नसतं, आणि तेवढा वेळ तुम्हालाही ते वागवावं लागत नाही. नाव विचारा, दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारा.

सवयींच्या पलीकडे

मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे चाललं असेल आणि झोप, भूक, काम बिघडलं असेल, तर सवयी वाढवत बसू नका, डॉक्टरांना भेटा. थायरॉइडचं काम मंदावलं तरी अशीच मरगळ येते, तेही तपासून होईल. झोप फार कमी होऊनही अंगात विलक्षण जोर संचारल्याचे दिवस कधी येऊन गेले असतील तर तेही आवर्जून सांगा, त्यावर औषधाची निवड बदलते. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते मनानं अचानक बंद करायचं नसतं. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी, त्याच घडीला जवळच्या माणसाला तसंच शब्दांत सांगा, आणि रुग्णालयात किंवा मदतवाहिनीवर पोहोचा. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही.

आणि तुम्ही जर त्याच्या घरचे असाल तर ‘एकदा दाखवून ये’ म्हणून थांबू नका. वेळ तुम्ही घ्या, तीन रकान्यांची वही पिशवीत टाका, आणि बरोबर जा. आत यायचं की बाहेर बसायचं, ते त्यालाच विचारा.