मास्कवरच्या बाळाला नळीने दूध: आधी हवा काढा

पाऊस लागला की ठाणे-कळव्यापासून वाशी-नेरुळपर्यंतच्या बालरोग आयसीयूंमध्ये ब्रॉन्किओलायटिसची (फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज आलेली) तान्ही बाळं हाय फ्लो, सीपॅप किंवा बायपॅपवर (नाकातून किंवा मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रांवर) येतात. ‘मशीन लावलंय ना, मग उपाशीच राहू द्या’ असं सरसकट ठरवू नये. रक्तदाब आणि श्वास सावरला असेल, इन्ट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं) जवळ दिसत नसेल, तर 24 ते 48 तासांत दूध सुरू व्हायला हवं.

तान्ह्याला 6 किंवा 8 नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब पुरते. माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत. नाकातल्या नळीमुळे मास्कच्या कडेने हवा गळते आणि आधीच चोंदलेलं नाक आणखी अडतं, म्हणून फार लहान बाळाला ती तोंडातून घालणं बरं. आपल्याकडच्या दमट हवेत नळीची चिकटपट्टी घामाने सुटते आणि नळी सरकू शकते. ओठाशी किती सेंटीमीटरची खूण आहे ते लिहा आणि प्रत्येक फीडआधी पाहा.

नळी पोटातच आहे ना, हे पाहायला तिच्यातून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) 5.5 किंवा कमी हवा. द्रव आलाच नाही किंवा पीएच जास्त आला, तर एक्स-रे. हवा ढकलून पोटावर स्टेथो लावण्यावर विसंबू नका. फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येतो.

खरा त्रास बहुतेकदा दुधाचा नसून हवेचा असतो. दाबाची हवा पोटात जाते, पोट फुगतं, छाती-पोटामधला श्वासपडदा वर ढकलला जातो, धाप वाढते आणि दोष दुधावर येतो. म्हणून प्रत्येक फीडआधी, सतत फीड असेल तर दर 4 तासांनी, सिरिंजने हळूच हवा ओढा. सोबत आलेलं साधं दूध परत द्या. हिरवं किंवा रक्ताळलेलं असेल तर थांबून डॉक्टरांना सांगा.

सुरुवात ताशी किलोमागे 1 मिली, दर 4 ते 6 तासांनी तेवढीच वाढ. 6 किलोच्या बाळाचं रोजचं पाणी 600 मिली. ब्रॉन्किओलायटिसमध्ये बरेचदा दोन तृतीयांशच देतात, म्हणजे सलाईन धरून 400, ताशी साधारण 17 मिली. डोकं 30 अंश वर. पंपावर आईचं दूध असेल तर सिरिंजचं तोंड वर ठेवा, नाहीतर साय मागे राहते आणि बाळाच्या पोटात पातळ दूधच जातं.

उलटी, ताठ पोट, वाढती धाप दिसली की फीड बंद, नळी उघडी, म्हणजे हवा बाहेर पडेल.

बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर निघण्याआधी फीड थांबवून पोट रिकामं करा आणि वाटेत नळी उघडी ठेवा. घोडबंदर रोडला अडकलेल्या रुग्णवाहिकेत उलटी सांभाळणं फार कठीण.